भुयारांत एकट्यानें

आमच्या एका विद्वान स्नेह्यांनीं गेल्या सुटींत आमच्या घरीं बसून असें मत दिलें कीं, सहा जणांच्या संघासाठीं रचलेला खेळ एकाच पात्रावर खेळणें ही एक विकृति होय. तींत कर्त्याच्या हेतूचा उपमर्द आहे, सहकाराच्या शिकवणुकीचा अव्हेर आहे, आणि कोवळ्या मनास एकलकोंडेपणाची दीक्षा आहे. हें मत देतांना त्यांचा रोख आमच्या पंधरा वर्षांच्या भाचीकडे होता. ती पलीकडे संगणकाशीं बसून नेमका तोच अपराध करीत होती. आम्हीं त्या वेळीं मान डोलाविली. इतकेंच नव्हे, तर पाहुणे गेल्यावर तिला चार शब्द सुनाविले. ते शब्द आज आम्हांस जाहीरपणें परत घ्यावयाचे आहेत, आणि घेतां घेतां त्या तिन्ही आक्षेपांचा समाचारही घ्यावयाचा आहे. कारण हीं मतें आमच्या स्नेह्यांचीं एकट्याचीं नाहींत. ज्या ज्या सुशिक्षित घरांत एखादें मूल एकटें बसून कांहीं करितें, त्या त्या घरांत तीं कमीअधिक फरकानें ऐकूं येतात.

ज्या वाचकांस ह्या खेळाचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे विद्यार्थी अँड्र्यू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड ह्या दोघांनीं रचलेला ‘विझर्ड्री’ हा खेळ १९८१ सालीं सर-टेक ह्या कंपनीनें ॲपल टू ह्या संगणकासाठीं प्रसिद्ध केला. त्याची कथा एका वाक्याची आहे. ट्रेबोर नांवाच्या वेड्या अधिपतीचा ताईत वर्डना नांवाच्या मांत्रिकानें चोरला असून तो दहा मजली भुयाराच्या तळाशीं दडून बसला आहे. तेथें जाऊन ताईत परत आणावयाचा. अँड्र्यू व रॉबर्ट हीं नांवें इंग्रजी अक्षरांत उलटीं लिहिलीं म्हणजे वर्डना व ट्रेबोर होतात. कर्त्यांनीं आपलीच थट्टा करून घेतली आहे, ती एवढीच. भुयाराचा प्रत्येक मजला वीस घरें लांब व वीस घरें रुंद. मूळ खेळांत नकाशा मिळत नसे. तो खेळणारानें चौकटींच्या कागदावर स्वतः काढावयाचा. ह्याच खेळावर नवीं चित्रें चढवून तो २०२४ सालीं पुन्हा बाजारांत आला, आणि आमच्या भाचीच्या हातीं पडला.

भुयारांत उतरण्यापूर्वीं पात्रें घडवावीं लागतात. योद्धा, मांत्रिक, पुरोहित आणि चोर हे चार मूळ व्यवसाय. ह्यांहून श्रेष्ठ असे आणखी चार. गिल्गामेशच्या गुत्त्यांत हीं पात्रें जमवून त्यांचा संघ करावयाचा. संघांत जास्तींत जास्त सहा. पुढचे तिघे हातघाईची लढाई करितात, मागचे तिघे त्यांच्या आडोशानें मंत्र म्हणतात. योद्धा घाव घालतो, पुरोहित जखमा भरतो, मांत्रिक शत्रूस निजवितो किंवा जाळतो, चोर पेटीचा सापळा उकलतो. मृत्यु ह्या खेळांत लुटुपुटीचा नाहीं. मेलेल्यास देवळांत पैसे मोजून उठवितां येतें. पण तो प्रयत्न फसला तर देहाची राख होते, आणि राखेवरचाही फसला तर तें पात्र कायमचें गेलें. सबंध संघच भुयारांत पडला तर प्रेतें तेथेंच राहतात. दुसरा संघ जाऊन तीं शोधून आणील तेव्हांच त्यांची सुटका.

आतां पहिला आक्षेप : एकट्यानें खेळणें हें कर्त्याच्या हेतूविरुद्ध आहे. हेतु ही वस्तु मोठी सोयीची असते; ती कर्त्याच्या मुखांतून क्वचितच निघते, टीकाकाराच्या मुखांतून वारंवार निघते. आम्ही नियमांकडे पाहतों. गुत्त्यांत सातवा माणूस घ्यावयास गेलें तर खेळ घेऊं देत नाहीं. तेथें नियम आडवा येतो. एकच माणूस घेऊन निघालें तर कोणीही आडवें येत नाहीं. ज्यांनीं वरची सीमा इतक्या काळजीनें आंखली, त्यांना खालची आंखावयाचें सुचलें नसेल काय ? १९८७ सालीं निघालेल्या ह्याच मालेंतील चौथ्या खेळांत तर खेळणारानें स्वतः वर्डना व्हावयाचें असतें. भुयाराच्या तळापासून वर चढतांना तो मंत्रानें राक्षस बोलावितो खरा, पण ते आपल्या मर्जीनें लढतात. खेळणाराच्या हुकमांत असलेला जीव एकच. त्याच सालच्या ‘डंजन मास्टर’ ह्या खेळांत चोवीस वीर भिंतीवर मांडलेले असतात, त्यांतले चार घेतां येतात, पण एक घेतला तरी दार उघडतें. जपानांत यूजी होरी ह्यांनीं ‘विझर्ड्री’पासून स्फूर्ति घेऊन १९८६ सालीं ‘ड्रॅगन क्वेस्ट’ रचला, त्यांत सबंध राज्याच्या उद्धारास एकच वीर पाठविला. ज्या पंथाचे आचार्यच एकट्यास मज्जाव करीत नाहींत, तेथें आमच्या स्नेह्यांनीं पहारा कां करावा ?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि आमचा खरा वाद त्याच्याशींच आहे. सहा जणांचा संघ चालविल्यानें सहकार शिकतां येतो, असें म्हणतात. आम्ही विचारतों, कोणाचा सहकार कोणाशीं ? पडद्यावर नांवें सहा आहेत, पण त्यांच्यामागें इच्छा एकच आहे. पुरोहित कधीं ‘आज माझें मन नाहीं’ म्हणत नाहीं. योद्धा कधीं लुटींत अधिक वांटा मागत नाहीं. पुढें उभें राहून मरण्याची पाळी आली असतां चोर कधीं मागच्या रांगेंत सरकत नाहीं. सहकार म्हणजे दुसऱ्याची इच्छा आपल्या इच्छेसमोर उभी राहणें, आणि तरीही दोघांनीं मिळून वाट काढणें. जेथें दुसरी इच्छाच नाहीं, तेथें सहकार कसला ? लक्ष्मण देशपांडे ह्यांनीं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ ह्या प्रयोगांत एकट्यानें बावन्न पात्रें उभीं केलीं. त्यांच्या कलेला आम्हीही हात जोडले आहेत. पण रंगभूमीवर बावन्न नटांचें सहकार्य घडलें, असें कोणा प्रेक्षकानें घरीं जाऊन सांगितल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

खरी संगत ह्या खेळांच्या मुळाशीं होती, हें आम्हांस मान्य आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला, तो मेजाभोंवतीं बसलेल्या मित्रांचा खेळ होता. एक जण भुयार सांगे, बाकीचे आपापलें पात्र चालवीत. तेथें योद्ध्याची आणि मांत्रिकाची खरोखरच तंटाभांडणें होत, कारण त्यांच्यामागें दोन हाडामांसाचीं माणसें बसलेलीं असत. संगणकानें भुयार ठेविलें, नियम ठेविले, संघही ठेविला. मेजाभोंवतालचीं माणसें तेवढीं काढून टाकिलीं. पांच खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि त्यांवर पांच नांवें बसविण्यांत आलीं. ह्यांत कर्त्यांचा दोष नाहीं. एकट्या माणसास खेळतां यावें, हीच तर सोय त्यांना करावयाची होती. दोष आहे तो त्या नांवांनाच संगत समजून तिचीं स्तोत्रें गाणारांचा.

ही संगत कोणत्या प्रतीची आहे, ह्याचा एक दाखला पुरे आहे. नवें पात्र जन्मास येतांना त्याच्या कमरेला थोडीं सोन्याचीं नाणीं असतात. जुन्या खेळणारांचा परिपाठ असा कीं, एकामागून एक पात्रें घडवावीं, त्यांचें सोनें काढून आपल्या लाडक्या योद्ध्यास द्यावें, आणि मग तीं पात्रें पुसून टाकावीं. चिलखत विकत घेण्यास ह्याहून सोपा मार्ग नाहीं. ही आमच्या स्नेह्यांची सहकाराची शाळा ! हींत सोबती जन्मतो, लुबाडला जातो आणि नाहींसा होतो. आणि हें सारें करणारा मात्र संघवृत्तीचे धडे घेत असतो.

हें वाचून हंसूं आलेल्या वाचकांस आम्ही आमच्याच व्यवसायांत घेऊन जातों. अलीकडे महाविद्यालयांत ‘गटकार्य’ नांवाचा एक प्रकार रूढ झाला आहे. सहा विद्यार्थ्यांचा गट करावयाचा, त्यांनीं मिळून एक प्रबंध लिहावयाचा, आणि सहांना सारखे गुण द्यावयाचे. प्रबंध हातीं आला म्हणजे पहिल्या दोन पानांतच कळतें कीं सहा नांवांमागें हात एकच आहे. बाकीचे पांच त्या एकाच्या आडोशानें मागच्या रांगेंत उभे आहेत. तरी आम्ही वर्षानुवर्षें त्या सहांना सारखे गुण देत आलों, आणि अहवालांत ‘विद्यार्थ्यांत सहकार्याची भावना वाढीस लागली’ असें लिहीत आलों. त्या एका हाताला आम्हीं कधीं विचारलें नाहीं कीं, तुला पांच सोबती मिळाले कीं पांच ओझीं. आमच्या स्नेह्यांचें मत ऐकून आमची मान इतक्या सहज कां डोलली, हें आतां वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. जो खोटा हिशेब आम्ही रोज मांडतों, तोच त्यांनीं जरा शुद्ध भाषेंत वाचून दाखविला होता.

त्या संध्याकाळीं आमचे चार शब्द ऐकून घेतल्यावर भाचीनें एकच प्रश्न विचारला. ती म्हणाली, “मामा, हे पांच जण म्हणजे मीच ना ? मग ते माझ्या सोबतीला कसे ?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. उत्तर न सुचणें हा अध्यापकास फार झोंबणारा अनुभव असतो; म्हणून आम्ही खुर्ची ओढून तिच्याशेजारीं बसलों आणि ती काय करिते तें पाहूं लागलों. पुढें तीन आठवडे रात्रीं जेवणानंतर आम्ही तेथेंच बसत होतों. चौकटींच्या कागदावर नकाशा काढण्याचें काम तिनें आमच्याकडे दिलें होतें.

तिचें एकुलतें एक पात्र म्हणजे एक पुरोहिता. तिला तिनें आपल्या आजीचें, म्हणजे आमच्या मातोश्रींचें, नांव दिलें होतें. एकटीचा एक लाभ उघड होता : शत्रु मारल्यावर अनुभवाचे जे गुण एरव्हीं सहांत वांटले जातात ते हिला सगळेच मिळत, त्यामुळें ती लवकर वाढली. पण बाकी सारा तोटाच. मागची रांग नाहीं. प्रत्येक घाव तिच्यावरच. पेटी सांपडली तर सापळा उकलावयास चोर नाहीं. बहुतेक पेट्या तशाच टाकून जावें लागे. जेथें सहांचा संघ बेफिकीरपणें जाई, तेथें ही दर चार पावलांवर थांबून किती मंत्र उरले तें मोजी. एकदां खालीं जाणारा जिना समोर दिसत असतांना ती परत फिरली. आम्हीं म्हटलें, “अग, आलों तर आहों !” ती म्हणाली, “यायला पुरतील, जायला पुरणार नाहींत.”

एकट्या वीराची गोष्ट निघाली कीं आपल्याकडे अभिमन्यूचें नांव घेण्याची चाल आहे. येथें तें लागू पडत नाहीं. अभिमन्यु एकटा निघाला नव्हता. मागून येणाऱ्या पांडवांस जयद्रथानें अडविलें म्हणून तो एकटा पडला. शिवाय व्यूहांत शिरण्याची विद्या त्याला होती, बाहेर पडण्याची नव्हती. ह्या भुयारांत समजून उमजून एकटा उतरणारा पहिल्या दिवसापासून उलटी विद्या शिकतो : परत केव्हां फिरावें. ही विद्या सहांच्या संघांत शिकतां येत नाहीं असें नाहीं; पण शिकण्याची निकड तेथें भासत नाहीं. एक पडला तर पांच आहेत, हा हिशेब खेळणाराच्या मनांत सदैव असतो. आणि ज्या सोबत्याच्या मरणाचा हिशेब आधींच मांडलेला आहे, तो सोबती नव्हे, शिल्लक आहे.

तिसऱ्या मजल्यावर एका शत्रूच्या स्पर्शानें पुरोहितेचें अंग लुळें पडलें. लुळें अंग सोडविणारा मंत्र तिला येत होता. थोड्याच दिवसांपूर्वीं ती तो शिकली होती. परंतु ज्याचें अंग लुळें पडलें त्याला मंत्र म्हणतां येत नाहीं. दुसरा कोणी असता तर एका क्षणाचें काम होतें. दुसरा कोणी नव्हता. खेळाच्या हिशेबीं ती संपली. भाची बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “आजीला तो मंत्र येत होता, मामा. पण तो दुसऱ्यासाठीं होता.”

आमच्या स्नेह्यांस आम्ही आदरपूर्वक विचारतों, सोबत्याची किंमत ह्याहून स्पष्ट शब्दांत कोणत्या संघानें कोणास शिकविली आहे ? आपल्याजवळचें कांहीं ज्ञान असें असतें कीं तें आपणांस स्वतःवर चालवितां येत नाहीं. त्याला दुसरा लागतो, आणि आपणांसही दुसऱ्याचें लागतें. सहांची संगत आयती हातीं असतांना हें कळत नाहीं, कारण मंत्र वेळच्या वेळीं म्हटला जातो आणि खेळ पुढें जातो. तें कळावयास ती जागा एकदां रिकामी असावी लागते.

नंतर भाचीनें पांच नवीं पात्रें घडविलीं. त्यांचें सोनें तिनें काढून घेतलें नाहीं कीं त्यांना पुसलें नाहीं. दोन आठवडे खपून तिनें त्यांना तिसऱ्या मजल्याच्या योग्यतेस आणिलें. सहावें पात्र तिनें घेतलें नाहीं, कारण प्रेत परत आणावयाचें तर संघांत एक जागा मोकळी असावी लागते. आमच्या नकाशावर पुरोहिता पडली त्या घरांत फुली होती. तिच्या आधारें ते पांच तेथवर पोहोंचले व तिला घेऊन आले. देवळांत ती उठली. राख झाली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पांचांना गुत्त्यांत ठेवून ती पुन्हा एकटीच खालीं उतरली. परंतु ते पांच वर आहेत, आणि कशासाठीं आहेत, हें आतां तिला ठाऊक आहे. पहिल्याच दिवशीं तिनें सहा जण जमविले असते, तर हें तिला केव्हां कळलें असतें, हा आमचा प्रश्न आहे.

येथें एकट्यानें खेळणारांच्या पक्षासही दोन शब्द सांगणें न्यायाचें होईल. कारण ह्या पक्षांत शेखी मिरविणारे थोडे नाहींत. ‘सहांचें काम मीं एकट्यानें केलें,’ असें ते सांगतात. त्यांची करामत पाहिली तर एक गोष्ट ध्यानांत येते. व्यवसाय बदलला असतां पात्र पुन्हा पहिल्या पायरीवर येतें, पण शिकलेले मंत्र विसरत नाहीं. म्हणून हे वीर एकाच पात्रास आज मांत्रिक, उद्यां पुरोहित, परवां योद्धा करितात. म्हणजे सहा जण जें एकाच वेळीं करितात, तें हा एकटा पाळीपाळीनें करितो. सहांची गरज त्यानें खोडून काढलेली नाहीं, उलट वर्षें खर्चून सिद्ध केली आहे. शिवाय त्याच्या हातांतले नकाशे व कोष्टकें चाळीस वर्षांत असंख्य खेळणारांनीं आपले संघच्या संघ गमावून तयार केलेलीं असतात. तो उतरतो एकटा, पण अनेकांच्या हाडांवर पाय ठेवून उतरतो. हें जो कबूल करील त्याच्याशीं आमचा वाद नाहीं. जो कबूल करीत नाहीं तो गुण सहांचे घेऊन नांव एकाचें लावतो, आणि आमच्या गटकार्याहून तो फारसा वेगळा नाहीं.

उरला तिसरा आक्षेप, एकलकोंडेपणाचा. ह्यामागें आईबापांची खरी काळजी आहे, म्हणून त्याची आम्ही थट्टा करणार नाहीं. मूल तासन् तास एकटें बसलेलें पाहून कोणाच्याही जिवास घोर लागेल. पण त्यावर उपाय काय सुचविण्यांत आला ? एका पात्राऐवजीं सहा पात्रें घेऊन खेळ ! म्हणजे मूल तेथेंच, खुर्ची तीच, दार तसेंच लोटलेलें. पडद्यावर पांच नांवें वाढलीं कीं आमची काळजी मिटली. ह्याला उपाय म्हणावयाचें कीं आपल्या मनाची फसवणूक ? आपल्याकडे ‘एकटा जीव सदाशिव’ ही म्हण आहे, तशीच ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ हीही आहे. एकटेपणा हा दोष नव्हे. एकटेपणाला गर्दीचा मुखवटा चढविणें हा दोष आहे. जें मूल आपण एकटें आहों हें जाणून एकटें खेळतें, तें निदान खोटें बोलत नाहीं; आणि केव्हां सोबत हवी हें तेंच बिनचूक सांगूं शकतें. आम्हांस नकाशा काढावयास बसविलें, तें कोणी ? आम्हीं तिला संगत दिली असें आजवर आम्ही समजत होतों. खरें पाहतां चार शब्द सुनाविण्यापलीकडे आमच्या हातून कांहीं घडलें नव्हतें. जागा तिनेंच करून दिली.

पुरोहिता सध्यां चौथ्या मजल्यावर आहे. वर्डना अजून सहा मजले खालीं आहे, आणि तो हातीं लागेलच अशी खात्री आम्ही देत नाहीं. आमच्या स्नेह्यांस मात्र एक विनंति आहे. पुढच्या खेपेस ते येतील तेव्हां त्यांनीं दुरून मत देऊं नये. भाचीच्या दुसऱ्या बाजूस एक खुर्ची रिकामी आहे, ती ओढून घ्यावी. चौथ्या मजल्याच्या कागदावर अजून अर्ध्याहून अधिक घरें कोरीं आहेत, आणि आम्हांस आतां बारीक चौकटी नीट दिसत नाहींत.